आरोग्याचा खर्च आणि कराची धास्ती

१५ ऑक्टोबर २०१९ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या वेस्टरव्हिल येथे डेमोक्रॅटिक पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदासाठी इच्छुक असलेल्या उमेदवारांची वादसभा झाली. सर्वांना सरकारी आरोग्यविमा द्यायचा तर मध्यमवर्गाचा कर वाढणार की नाही, हा एकच प्रश्न सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांना तिथे पुन्हा पुन्हा विचारला गेला. मध्यमवर्गाचा एकूण खर्च कमी होईल, हे त्यांचे उत्तर होते; कर वाढेल असे मात्र त्यांनी म्हटले नाही. बर्नी सँडर्स यांनी त्याच मंचावर सांगून टाकले की कर वाढेल, पण विम्याचे हप्ते जातील आणि बहुतेकांचे पैसे वाचतील. वॉरन यांच्या टाळाटाळीवर बरीच टीका झाली, आणि ती रास्त होती. पण मुळात विचारलेला प्रश्नच अर्धा होता. त्या वर्षी नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २०,५७६ डॉलर होता. त्यातले ६,०१५ डॉलर कर्मचाऱ्याच्या पगारातून थेट कापले जात आणि उरलेले कंपनी भरत असे. कंपनीचा हा वाटाही अखेर कर्मचाऱ्याच्या न वाढलेल्या पगारातूनच येतो, असे बहुतेक अर्थतज्ज्ञ मानतात. एवढी मोठी वजावट कर ठरत नाही आणि तिच्या जागी येणारी सरकारी वसुली मात्र कर ठरते. मतदार या दोन रकमांची तुलना करणार कशी? माझे म्हणणे असे की ही अर्धी मांडणी इतिहासाच्या एका वळणावर जन्मली, पक्षांतर्गत निवडणुकांनी ती पक्की केली, आणि तिची किंमत अखेर आरोग्य कायद्यालाच मोजावी लागली.

ते वळण दुसऱ्या महायुद्धातले. १९४२ च्या कायद्याने महागाई रोखण्यासाठी पगारवाढीवर नियंत्रण आले, पण विम्यासारख्या सवलतींना त्यातून मर्यादित सूट मिळाली. कामगारांची टंचाई असलेल्या कारखान्यांनी पगाराऐवजी विमा देऊ केला. १९५४ च्या करसंहितेने कंपनीने भरलेला हप्ता कर्मचाऱ्याच्या करपात्र उत्पन्नातून कायमचा वगळला. रुग्णालयाच्या खर्चासाठी खासगी विमा असलेले लोक १९४० मध्ये सुमारे सव्वा कोटी होते, ते १९५० पर्यंत साडेसात कोटींच्या वर गेले. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांची राष्ट्रीय आरोग्यविम्याची योजना याच दशकात, डॉक्टरांच्या संघटनेच्या कडव्या विरोधापुढे, बारगळली. आरोग्याचा खर्च असा नोकरीला बांधला गेला आणि पगारपत्रकाआड झाकलाही गेला. एच-१बी व्हिसावर तिकडे काम करणाऱ्या मराठी कुटुंबांना हे वेगळे सांगावे लागत नाही. नोकरी गेली की व्हिसाबरोबर विम्याचाही प्रश्न उभा राहतो.

या झाकलेल्या खर्चाने राजकारण कसे वाकवले, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा २००७-०८ च्या डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या लढतीत सापडतो. देशात तेव्हा साडेचार कोटींहून अधिक लोक विम्याविना होते. जॉन एडवर्ड्स यांनी फेब्रुवारी २००७ मध्ये सर्वांत आधी सविस्तर योजना मांडली आणि त्यासाठी कर वाढवावे लागतील हेही सांगितले. हिलरी क्लिंटन यांनी सप्टेंबरमध्ये प्रत्येकाला विमा घेण्याची सक्ती सुचवली. बराक ओबामा यांच्या योजनेत सक्ती होती ती फक्त मुलांसाठी. लोक विमा घेत नाहीत ते परवडत नाही म्हणून. तेव्हा आधी तो स्वस्त करा, असा त्यांचा युक्तिवाद होता. क्लिंटन म्हणत, सक्ती नसेल तर निरोगी माणसे आजारी पडेपर्यंत बाहेर राहतील आणि दीड कोटी लोक विम्याविना उरतील. विमाशास्त्राच्या दृष्टीने क्लिंटन बरोबर होत्या. पण सक्ती म्हटली की दंड आला, आणि दंड कसा वसूल करणार हे सांगणे आले. फेब्रुवारी २००८ मध्ये एका मुलाखतीत, पगारातून रक्कम कापण्याचा मार्ग आपण नाकारत नाही, असे त्यांच्याकडून वदवून घेतले गेले. ओबामांच्या प्रचारपत्रकांनी नेमका हाच मुद्दा घरोघर पोचवला. स्वयंपाकघराच्या टेबलाशी काळजीत बसलेल्या जोडप्याचे त्यावरचे चित्र पाहून अनेकांना १९९३-९४ मध्ये विमा कंपन्यांनी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आरोग्य योजनेविरुद्ध केलेल्या जाहिराती आठवल्या. सुधारणेच्या बाजूचा उमेदवार सुधारणेच्या विरोधकांचे हत्यार उचलतो, याचे मला आजही वाईट वाटते. त्यातच ओबामांनी अडीच लाख डॉलरपेक्षा कमी उत्पन्नाच्या कुटुंबांचा कर वाढवणार नाही, असे वचन दिले.

निवडून आल्यावर ओबामांनी सक्ती स्वीकारली, कारण तिच्याशिवाय गणित जमत नव्हते. वचन मात्र मानगुटीवर होते. म्हणून २००९ मध्ये त्यांना जाहीरपणे सांगावे लागले की हा दंड म्हणजे कर नव्हे. मार्च २०१० मध्ये आरोग्य कायदा झाला. जून २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सक्ती टिकवली, ती संसदेच्या कर लावण्याच्या अधिकाराखाली. प्रचारात जे नाव टाळले, त्याच नावाने कायदा वाचला. पण लोकांना हे देणे आपल्या सुरक्षिततेसाठी आहे असे कोणी पटवून दिलेले नव्हते. डिसेंबर २०१७ च्या करकायद्याने २०१९ पासून दंड शून्यावर आणला, तेव्हा त्याच्या बचावासाठी फारसे कोणी रस्त्यावर आले नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की खरे सांगणारा हरतोच. एडवर्ड्स हरले, सँडर्स दोनदा हरले. व्हरमाँट राज्याचे गव्हर्नर पीटर शमलिन यांनी तर डिसेंबर २०१४ मध्ये, पगारावर ११.५ टक्के आणि उत्पन्नावर ९.५ टक्क्यांपर्यंत कर लागेल असे दिसल्यावर, आपलीच सरकारी आरोग्यविम्याची योजना सोडून दिली. आकडे खरोखर मोठे होते, आणि कामगारांना विमाच न देणाऱ्या लहान व्यावसायिकांवर तो नवा बोजा ठरला असता, हे मान्य केले पाहिजे. पण व्हरमाँटचा कायदा २०११ मध्ये झाला तोच पैशांची बाजू पुढे ढकलून. तीन वर्षे लाभाची चर्चा झाली आणि बिल शेवटी समोर आले. मग धक्का बसणारच. उलट उदाहरण मेडिकेअरचे आहे. वृद्धांसाठीच्या या योजनेचा कर १९६६ मध्ये कर्मचारी आणि मालक या दोघांकडून प्रत्येकी ०.३५ टक्के घेतला गेला. आज तो प्रत्येकी १.४५ टक्के आहे. तो पगारपत्रकावर स्वतंत्र, नावानिशी छापलेला असतो. लोक तो नोकरीभर भरतात, आणि म्हणूनच मेडिकेअरला हक्क मानतात.

हप्ता आणि कर एकच नव्हेत, असाही आक्षेप येतो, आणि तो खराच आहे. कर उत्पन्नानुसार बदलतो. विम्याचा हप्ता सफाई कामगाराला आणि व्यवस्थापकाला बहुधा सारखाच पडतो. म्हणजे हप्त्याच्या जागी कर आला तर कोणाचे पैसे वाचतील आणि कोणाचे जास्त जातील, याची मोठी उलथापालथ होईल. चांगला विमा असलेल्या संघटित कामगाराने ती नाकारली तर त्याला स्वार्थी म्हणता येणार नाही; त्याने पगारवाढ सोडून तो विमा कमावलेला असतो. पण हा हिशेब आकडे मांडूनच होऊ शकतो. वॉरन यांनी १ नोव्हेंबर २०१९ रोजी मध्यमवर्गावर एक पैशाचाही नवा कर न लावता साडेवीस लाख कोटी डॉलर उभारण्याची योजना जाहीर केली. तिचा मोठा भाग कंपन्या आज भरतात त्या हप्त्यांइतकी रक्कम सरकारकडे वळवण्यावर उभा होता. ही रक्कम कर्मचाऱ्यांच्याच कमाईचा भाग आहे, हे त्या योजनेतही झाकलेलेच राहिले.

पुढच्या प्राथमिक निवडणुकीच्या वादसभांत हा प्रश्न पुन्हा येईल. सूत्रसंचालकांनी तेव्हा प्रत्येक उमेदवाराला दोन आकडे एकत्र विचारावेत : कर किती वाढेल, आणि पगारातून आज जाणारा हप्ता किती कमी होईल. जो दोन्ही देणार नाही, त्याची योजना अपुरी समजावी.