आदर्श वायू समीकरण
आदर्श वायू समीकरण (पीव्ही = एनआरटी) हे वायूचा दाब, घनफळ, मोलसंख्या व तापमान यांतील संबंध सांगणारे समीकरण होय. एमिल क्लापेरॉन यांनी ते १८३४ मध्ये मांडले. तीन राशी ज्ञात असल्यास चौथी काढता येते.

समजा, सांगलीत ३० अंश सेल्सिअस तापमान व ९५ किलोपास्कल दाब असताना २ लिटर हवा भरलेला फुगा सातारा जिल्ह्यातील उंचावरच्या महाबळेश्वरला नेला. तेथे तापमान २० अंश व दाब ८६ किलोपास्कल मानल्यास नवे घनफळ २ × (९५ ÷ ८६) × (२९३ ÷ ३०३), म्हणजे सुमारे २.१४ लिटर येते (रबराचा ताण दुर्लक्षिला आहे). विद्यार्थी हमखास चुकतात ते तापमानात: केल्विनऐवजी सेल्सिअसचेच आकडे घातल्यास उत्तर १.४७ लिटर येते आणि फुगणारा फुगा कागदावर आक्रसतो.