बहिणीचा वाटा : हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी

तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर आम्ही एक दृश्य अनेकदा पाहिले आहे. दोन-तीन बहिणी झाडाखाली बसलेल्या असतात. एखादी मजुरीचा दिवस मोडून आलेली असते. भाऊ कागद घेऊन येतो आणि म्हणतो, “ताई, इथं सही कर, बाकी काही नाही.” अंगठे उठतात, फोटो निघतात, संध्याकाळी साडीचोळी होते. त्या दिवशी बहिणीने वडिलांच्या जमिनीतला आणि घरातला आपला वाटा कायमचा सोडलेला असतो.

अशाच एका घरातला भाऊ गावच्या जयंती समितीचा कार्यकर्ता होता. त्याची थोरली बहीण नवऱ्याच्या निधनानंतर दोन मुलांसह माहेरच्या गावीच पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत राहत होती. तिनेही सही केली. पुढे त्या जमिनीतून रस्ता गेला आणि मोबदला आला, पण कागदावर तिचे नाव नव्हते. भाऊ वाईट माणूस होता असे आम्ही म्हणणार नाही. “बहिणी सोडतातच,” असे तो सहज म्हणाला. हे ‘सोडतातच’ आपल्या समाजात इतके सहज कसे झाले आणि कायदा नेमके काय सांगतो, हे या लेखात मांडत आहोत.

हा हक्क आला कोठून?

जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे तिच्या अध्यक्ष होत्या. घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वाला विरोध हे विषय आपल्या आज्या-पणज्यांनी तेथे ठरावांद्वारे मांडले. कायद्याने स्त्रीला माणूस म्हणून हक्क द्यावेत, ही मागणी आपल्या स्त्रियांनी तेव्हाच केली होती.

हिंदू कोड बिल हे याच दिशेचे मोठे पाऊल होते. आधीच्या मसुद्यात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा होता. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील प्रवर समितीने तो मुलाच्या बरोबरीचा केला. विरोध प्रचंड झाला आणि बिल रखडले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. या बिलाची झालेली गळचेपी हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते.

पुढे तेच बिल तुकड्यातुकड्यांनी मंजूर झाले. त्यातला हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ रोजी लागू झाला, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्या सुमारे चार महिने आधी. मात्र त्यात एक मोठी उणीव राहिली. वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला समान वाटा मिळाला, पण वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मतः हिस्सेदार होण्याचा हक्क मुलग्यांपुरताच ठेवला गेला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये दुरुस्ती करून मुलींना हा हक्क दिला, परंतु त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळले. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद संपला. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा हक्क मुलीला जन्मानेच मिळतो, त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी कायदेशीररीत्या झालेली वाटणी किंवा विक्री मात्र यामुळे रद्द होत नाही.

बाबासाहेबांनी मुलीला दिलेली बरोबरी कायद्याच्या पुस्तकात पूर्ण उतरायला अर्धशतक लागले. आपल्या घरात ती उतरायला आणखी किती वर्षे लावायची, हे आपल्यावर आहे.

“आपण बौद्ध, मग हिंदू वारसा कायदा कसा?”

हा प्रश्न तरुण कार्यकर्ते हमखास विचारतात आणि तो रास्त आहे. या कायद्याच्या दुसऱ्याच कलमात तो बौद्ध, जैन व शीख धर्मीयांना लागू असल्याचे म्हटले आहे. कायदा लागू होतो म्हणून आपण हिंदू ठरत नाही. बौद्धांसाठी स्वतंत्र कायदा असावा ही मागणी आपल्या जागी आहे आणि तिच्यावर चर्चा व्हायला हवी. पण तो होईपर्यंत बहिणीचा वाटा याच कायद्याने ठरतो. “हा कायदा आपला नाही” असे म्हणून कोणी बहिणीचे नाव वगळत असेल, तर त्याला धम्माचा आधार नाही आणि कायद्याचाही नाही.

कोणाला किती?

वडिलांनी स्वतः कमावलेली मिळकत आहे आणि ते मृत्युपत्र न करता वारले, असे समजू. मागे पत्नी, दोन मुलगे आणि दोन मुली आहेत. मिळकतीचे पाच समान वाटे होतात आणि प्रत्येकाला एक पंचमांश मिळतो. वडिलांची आई हयात असेल तर वाटे सहा होतात. मुलीचे लग्न झाले आहे की नाही, किती वर्षांपूर्वी झाले, सासरी जमीन आहे की नाही, याने काहीही फरक पडत नाही. मुलगी आधीच वारली असेल, तर तिचा वाटा तिच्या मुलांकडे जातो.

वडिलोपार्जित एकत्र मिळकतीचा हिशेब थोडा वेगळा असतो, पण तिथेही मुलगा आणि मुलगी यांचा हिस्सा समान आहे. वडील आपल्या मालकीच्या हिश्श्याचे मृत्युपत्र करू शकतात. इतरांच्या हिश्श्याचे नाही.

एक गैरसमज येथे दूर करू. मुलींचा हक्क २००५ मध्येच सुरू झाला असे अनेकांना वाटते. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत तो १९५६ पासूनच आहे. त्यामुळे वडील १९८० किंवा १९९० मध्ये वारले असले, तरी “तेव्हा मुलींना हक्क नव्हता” हे उत्तर चुकीचे आहे.

नाव कुठे आणि कसे गळते?

सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही, तो महसुली अभिलेख आहे. फेरफार झाल्याने कोणाची मालकी निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही. तरीही बँकेत, मोबदल्याच्या वेळी आणि विक्रीच्या वेळी आधी सातबाराच पाहिला जातो. म्हणून नाव कोठे गळते हे ओळखता आले पाहिजे.

पहिली जागा म्हणजे वारस नोंद. वडिलांच्या मृत्यूनंतर दिलेल्या प्रतिज्ञापत्रात आणि वंशावळीत फक्त मुलांची नावे लिहिली जातात. दुसरी जागा ‘ए.कु.मॅ.’ अशी नोंद. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून थोरल्या भावाचे एकट्याचे नाव लागते आणि पुढच्या पिढीला तोच एकमेव मालक वाटू लागतो. तिसरी जागा ‘इतर हक्क’ हा रकाना. बहिणींची नावे मुख्य रकान्याऐवजी तिथे टाकली जातात. चौथी जागा हक्कसोडपत्र, जिथे नाव बहिणीच्याच सहीने जाते.

आपल्या समाजात याला आणखी एक पदर आहे. अनेक कुटुंबांची जमीन ही जुनी महार वतनाची जमीन आहे. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने संपली आणि जमिनी फेरप्रदान झाल्या. त्यांतल्या बऱ्याच आजही भोगवटादार वर्ग २ मध्ये आहेत आणि त्यांच्या हस्तांतरासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. खातेदार अनेक आणि वाटे लहान, त्यामुळे “एवढ्याशा तुकड्यात बहिणींना काय मिळणार?” असे म्हटले जाते. गावाबाहेरच्या याच जमिनी शहर वाढले, रस्ता आला की मोलाच्या होतात. ज्या वतनासाठी पिढ्यान् पिढ्या राबणाऱ्यांत आपल्या आयाबहिणीही होत्या, त्या जमिनीच्या कागदावर त्या नसाव्यात हे न्यायाचे नाही.

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील वहितीधारकांमध्ये स्त्रिया सुमारे १४ टक्केच होत्या. खुरपणी, लावणी, वेचणीत स्त्रियांचे हात किती असतात हे प्रत्येकाने आपल्याच गावात पाहावे.

नेहमीची चार उत्तरे

“लग्नात खर्च केला, तोच तिचा वाटा.” कायद्यात लग्नाचा खर्च हा वाटा धरला जात नाही. भावाच्या लग्नातही खर्च होतोच, त्याचा वाटा कोणी कापत नाही.

“बँकेला एकच नाव लागते.” सहहिस्सेदारांच्या संमतीने व्यवहार करता येतात. त्यासाठी बहिणीने मालकी सोडण्याची गरज नाही.

“आई-वडिलांना आम्ही सांभाळले.” बहुतेक घरांत आजारी आईजवळ दवाखान्यात कोण बसते ते आठवावे. कायद्यानेही आई-वडिलांचा सांभाळ ही मुलगा-मुलगी दोघांची जबाबदारी आहे. वाटा घेणाऱ्या बहिणीने ती जबाबदारीही बरोबरीने घ्यावी, हे मात्र आम्ही बहिणींना आवर्जून सांगतो.

“तिने आपणहून सोडले.” बहिणीला वाटा सोडण्याचा अधिकार आहेच. सगळे समजून, किंमत जाणून तिने तसे ठरवले तर तो तिचा निर्णय आहे. पण मागितले तर माहेर तुटणार आणि सोडले तरच चांगली बहीण, अशी वाट एकच असेल तर त्याला ‘आपणहून’ म्हणता येत नाही. आम्हाला भेटलेल्या बहुतेक बहिणी जमिनीपेक्षा माहेर जाण्याला घाबरत होत्या. ही भीती घालवणे भावाच्या हातात आहे.

सही करण्यापूर्वी

१. कागद पूर्ण वाचून घ्या, वाचता येत नसेल तर भावाच्या बाजूचा नसलेल्या कोणाकडून वाचून घ्या. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या मुद्रांकावर कधीही सही अथवा अंगठा करू नका.

२. मिळकतीचा सातबारा, आठ-अ आणि घराचा नमुना ८ चा उतारा पाहा. रेडी रेकनरचा दर आणि आसपासचा बाजारभाव विचारा.

३. स्थावर मिळकतीचे हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावे लागते. एकदा नोंदले की मन बदलले म्हणून ते मागे घेता येत नाही. फसवणूक झाली असेल तर दिवाणी न्यायालयात जावे लागते आणि फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते.

४. ‘सोडणे’ हा एकच मार्ग नाही. नाव कायम ठेवून जमीन भावाला कसू देता येते. आपल्या वाट्याची किंमत घेऊन तो भावाला विकता येतो. रीतसर वाटपही करता येते.

५. वारस नोंद झाली नसेल तर मृत्यूच्या दाखल्यासह गावच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, अर्ज करा. नाव वगळून फेरफार होत असेल तर नोटिशीच्या १५ दिवसांत लेखी हरकत घ्या. ‘आपली चावडी’ या शासनाच्या संकेतस्थळावर गावातले प्रलंबित फेरफार पाहता येतात.

६. वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना आणि अनुसूचित जातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा.

भावांनो, सुरुवात आपल्या घरातून

वाटा फक्त माहेरचा नाही. घरात आलेली सूनही हयातभर राबते. लक्ष्मी मुक्ती योजनेखाली पती आपल्या हयातीतच पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावू शकतो. घरकुल मंजूर होत असेल तर ते दोघांच्या किंवा पत्नीच्या नावे घ्यावे. सिगालोवाद सुत्तात बुद्धांनी पतीची जी पाच कर्तव्ये सांगितली, त्यांत पत्नीचा सन्मान आहे आणि घरातला अधिकार तिच्याकडे सोपवणेही आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीचा तो अधिकार आज कागदावर नाव लागल्याशिवाय पुरा होत नाही.

विहारातल्या कार्यकर्त्यांना आमची एक सूचना आहे. वर्षावासात ग्रंथवाचन होते, तेव्हा एक दिवस आपापले सातबारे आणि घराचे उतारे घेऊन बसा. कोणाच्या घरात आईचे, बहिणीचे, पत्नीचे नाव नाही ते पाहा. तिथल्या तिथे अर्ज लिहा. समितीच्या पदाधिकाऱ्यांनी पहिला अर्ज आपल्या घरचा लिहावा.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या भावाची धाकटी मुलगी आता कॉलेजात आहे. आमच्या एका बैठकीत तिने वडिलांना सगळ्यांसमोर विचारले, “पप्पा, मीपण सही करायची का?” ते काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांनी बहिणीला घराशेजारची दोन गुंठे जागा बक्षीसपत्राने नोंदवून दिली. मोबदला परत आला नाही, पण तिची भाड्याची खोली सुटली. ज्या बिलासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले, त्यासाठी आपल्याला निदान बहिणीच्या वाट्यावरचा हात सोडता आला पाहिजे.

जय भीम, नमो बुद्धाय.