विद्यापीठाच्या आवारातील छुपे पिस्तूल

अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १६ एप्रिल २००७ रोजी एका विद्यार्थ्याने केलेल्या गोळीबारात ३२ जण मृत्युमुखी पडले. त्यांत स्थापत्य अभियांत्रिकीचे भारतीय वंशाचे प्राध्यापक जी. व्ही. लोगनाथन होते आणि उच्च शिक्षणासाठी गेलेली मुंबईची एक विद्यार्थिनीही होती. या हत्याकांडानंतर दोन परस्परविरोधी मागण्या एकाच वेळी पुढे आल्या. बंदुका मिळवणे अवघड करा, ही पहिली; विद्यार्थ्यांना व प्राध्यापकांना स्वसंरक्षणासाठी पिस्तूल जवळ बाळगू द्या, ही दुसरी. दुसऱ्या मागणीतून पेटलेला वाद ‘कॅम्पस कॅरी’ या नावाने ओळखला जातो. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३ लाख ६३ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी शिकत होते. त्यामुळे हा वाद आपल्याकडील पालकांनीही समजून घ्यावा असा आहे.

वादाचे मूळ

‘कन्सील्ड कॅरी’ म्हणजे पिस्तूल कपड्यांखाली किंवा पिशवीत, इतरांच्या नजरेस पडणार नाही अशा रीतीने जवळ बाळगणे. त्याविषयीचे नियम प्रामुख्याने राज्यांच्या अखत्यारीत येतात. कॅलिफोर्नियासारखी काही राज्ये विद्यापीठांच्या आवारात त्यास बंदी घालतात, काही राज्ये निर्णय विद्यापीठांवर सोपवतात, तर काही राज्यांत सरकारी विद्यापीठांना अशी बंदी घालताच येत नाही.

या तिसऱ्या गटात युटा हे राज्य अग्रभागी होते. तेथील विधिमंडळाने २००४ मध्ये विद्यापीठांचा बंदीचा अधिकार काढून घेतला. युटा विद्यापीठाने न्यायालयात दाद मागितली, परंतु २००६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल विद्यापीठाच्या विरोधात दिला. त्याच वर्षी जानेवारीत व्हर्जिनियाच्या विधिमंडळात आलेले अशाच स्वरूपाचे विधेयक समितीतच बारगळले होते. पंधरा महिन्यांनी व्हर्जिनिया टेकचे हत्याकांड घडले, तेव्हा समर्थकांनी नेमके याकडे बोट दाखवले. ‘स्टुडंट्स फॉर कन्सील्ड कॅरी ऑन कॅम्पस’ ही विद्यार्थी संघटना २००७ मध्येच स्थापन झाली. तिच्या सदस्यांनी पिस्तुलाची रिकामी म्यान कमरेला लावून वर्गात बसण्याचा अभिनव निषेध आरंभला.

त्यानंतर कायदे वेगाने बदलले. कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तेथील विद्यापीठाची बंदी अवैध ठरवली. आयडाहोत २०१४ मध्ये, टेक्सासमध्ये २०१६ मध्ये, जॉर्जिया व कॅन्सासमध्ये २०१७ मध्ये आणि वेस्ट व्हर्जिनियात २०२४ मध्ये नवे कायदे अमलात आले.

टेक्सासचा कायदा

यांपैकी सर्वाधिक चर्चा टेक्सासच्या कायद्याची झाली. तो १ ऑगस्ट २०१६ रोजी लागू झाला. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, १ ऑगस्ट १९६६ रोजी, ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून एका माजी सैनिकाने सुमारे दीड तास गोळीबार करून अनेकांचे प्राण घेतले होते. त्या दिवशी काही नागरिकांनी आपल्या रायफली आणून खालून प्रत्युत्तर दिले होते. त्यामुळे हल्लेखोराला आडोसा घ्यावा लागला, असे समर्थक सांगतात. अखेर त्याला पोलिसांनीच मनोऱ्यावर चढून ठार केले, याची आठवण विरोधक करून देतात.

या कायद्यानुसार परवानाधारकाला सरकारी विद्यापीठाच्या इमारतींत पिस्तूल नेता येते, पण ते दिसता कामा नये. काही प्रयोगशाळांसारखी ठिकाणे वगळण्याची मुभा विद्यापीठाला आहे, सरसकट बंदीची नाही. खासगी विद्यापीठांना मात्र नकाराचा पर्याय देण्यात आला आणि त्यांच्यापैकी जवळजवळ सर्वांनी तो स्वीकारला. टेक्सास विद्यापीठ समूहाचे तत्कालीन कुलपती विल्यम मॅकरेव्हन यांचाही या कायद्याला विरोध होता. ओसामा बिन लादेनविरुद्धच्या कारवाईची धुरा सांभाळलेल्या या निवृत्त ॲडमिरलला शस्त्रांचे वावडे होते, असे कोणी म्हणू शकणार नाही.

दोन्ही बाजू

समर्थकांचे म्हणणे असे, की माथेफिरू ‘बंदूक आणण्यास मनाई’ अशी पाटी वाचून माघारी फिरत नाही. तिचे पालन फक्त कायदा मानणारे करतात. पोलीस येईपर्यंतची काही मिनिटेच निर्णायक असतात. शिवाय बाजारात वा उपाहारगृहात ज्याच्यावर विश्वास ठेवला जातो, तो विद्यापीठाचे फाटक ओलांडताच अविश्वसनीय कसा ठरतो? परवानाधारकांना गुन्ह्यांत शिक्षा होण्याचे प्रमाण कमी असल्याचे टेक्सासची सरकारी आकडेवारी सांगते. रात्री वाचनालयातून एकट्या परतणाऱ्या विद्यार्थिनीचा मुद्दाही बिनतोड वाटावा असाच आहे.

विरोधकांचा सवाल व्यवहाराचा आहे. गोंधळात गोळी झाडणारा प्रत्येक जण नेम साधेलच असे नाही, आणि धावत आलेल्या पोलिसांना हल्लेखोर कोण, रक्षक कोण हे कसे कळावे? ऑरेगॉनमधील उम्पक्वा महाविद्यालयात १ ऑक्टोबर २०१५ रोजी नऊ जणांची हत्या झाली, तेव्हा आवारात पिस्तूल बाळगणारा एक माजी सैनिक विद्यार्थी होता. पोलीस आपल्यालाच हल्लेखोर समजतील, या भीतीने आपण पुढे गेलो नाही, असे त्याने नंतर सांगितले.

‘एफबीआय’ने २००० ते २०१३ या काळातील अशा १६० घटनांचा अभ्यास केला. सुरक्षारक्षकांसह पोलिसांखेरीज अन्य सशस्त्र व्यक्तींनी केलेल्या गोळीबारानंतर संपलेल्या घटना पाच होत्या. नि:शस्त्र नागरिकांनी हल्लेखोराला जेरबंद केल्याच्या एकवीस. बंदी असलेल्या जागी सशस्त्र नागरिक सापडणार तरी कसा, हा समर्थकांचा आक्षेपही विचारात घ्यावा लागतो. दुसरीकडे, युटामध्ये १० सप्टेंबर २०२५ रोजी विद्यापीठातील जाहीर कार्यक्रमात राजकीय कार्यकर्ते चार्ली कर्क यांचा छपरावरून झाडलेल्या एका गोळीने बळी गेला. परवानगी देणाऱ्या राज्यातही खिशातल्या पिस्तुलाच्या मर्यादा त्यातून दिसल्या.

नित्याचे दिवस

हा सारा वाद हत्याकांडांभोवती फिरतो. वस्तुत: तसा दिवस बहुतेक विद्यापीठांत कधीच येत नाही. कायदा मात्र वर्षाचे सर्व दिवस लागू असतो आणि त्याचा खरा हिशेब तेथेच मांडला पाहिजे. आयडाहोतील कायदा लागू होऊन दोनच महिने झाले असताना एका प्राध्यापकाच्या खिशातील पिस्तूल भर वर्गात चुकून उडाले आणि गोळी त्याच्याच पायात शिरली. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. परीक्षेचा ताण, एकटेपणा आणि मद्य यांच्या सान्निध्यात असलेल्या तरुणाच्या हाताशी पिस्तूल असणे, ही मानसोपचारतज्ज्ञांची मोठी चिंता आहे.

दुसरा परिणाम वर्गातील मोकळेपणावर होतो. ह्यूस्टन विद्यापीठातील प्राध्यापकांच्या सभेत २०१६ मध्ये सहकाऱ्यांना संवेदनशील विषय जपून हाताळण्याचा सल्ला देण्यात आला. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन वाईनबर्ग यांनी आपल्या वर्गात बंदूक चालणार नाही, असे जाहीर केले. ऑस्टिनच्या तीन प्राध्यापिका न्यायालयात गेल्या. मात्र भीतीपोटी वर्गातील चर्चा आकसेल, हे नुकसान दाव्यासाठी पुरेसे ठोस नाही, असे सांगून अपील न्यायालयाने २०१८ मध्ये त्यांचा दावा फेटाळला.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या निकालात शस्त्र बाळगणे हा व्यक्तीचा हक्क मानला, तर २०२२ च्या निकालात तो घराबाहेरही लागू केला. शाळांसारखी ‘संवेदनशील ठिकाणे’ त्यातून वगळता येतील, असेही न्यायालयाने म्हटले आहे. सज्ञान विद्यार्थ्यांची विद्यापीठे त्यांत कितपत बसतात, हा वादाचा विषय आहे.

आपल्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने यात आणखी एक पेच आहे. संघराज्याच्या कायद्यानुसार विद्यार्थी व्हिसावर आलेल्या परदेशी व्यक्तीस, शिकारीचा परवाना असण्यासारखे अपवाद सोडल्यास, बंदूक जवळ बाळगता येत नाही. म्हणजे इतरांनी पिस्तूल आणावे की नाही, याचा निर्णय राज्याचे मतदार घेणार; भारतीय विद्यार्थ्याला त्यात मत नाही आणि शस्त्रही नाही. अभ्यासक्रम, शुल्क व शिष्यवृत्ती यांच्या चौकशीबरोबरच संबंधित राज्याचा कायदा आणि विद्यापीठाची नियमावली वाचून घेणे, एवढे मात्र प्रवेशापूर्वी त्याच्या व त्याच्या पालकांच्या हाती आहे.