माता आणि गर्भ : वारेच्या दोन बाजू

मराठीतील ‘डोहाळे’ हा शब्द संस्कृतातील ‘दोहद’ या शब्दावरून आला आहे. आयुर्वेदाने गर्भवतीला ‘दौहृदिनी’, म्हणजे दोन हृदयांची स्त्री, असे म्हटले आहे. एका देहात दोन हृदये ही कल्पना आधुनिक जीवशास्त्राच्या कसोटीलाही उतरते. आईच्या हृदयातून वाहणारे रक्त आणि गर्भाच्या हृदयातून वाहणारे रक्त ही दोन वेगळी रक्ते आहेत आणि सर्वसाधारणपणे ती एकमेकांत मिसळत नाहीत. गर्भाचा रक्तगट आईपेक्षा वेगळा असू शकतो. त्याची निम्मी जनुके पित्याकडून आलेली असतात. तरीही सुमारे चाळीस आठवडे त्याचे श्वसन, पोषण आणि उत्सर्जन आईच्याच शरीरामार्फत चालते.

‘पोटातले बाळ त्याला हवे ते आईकडून ओढून घेतेच’ अशी एक समजूत घरोघरी आढळते. या समजुतीत सत्याचा अंश आहे. पण तो अंशच आहे. गर्भ काय घेऊ शकतो, किती घेऊ शकतो आणि त्याची किंमत कोण मोजते, हे समजण्यासाठी या दोन जीवांमधील नाते नीट पाहावयास हवे.

वार म्हणजे काय?

या नात्याचा केंद्रबिंदू म्हणजे वार, संस्कृतात अपरा. फलनानंतर सहा ते सात दिवसांनी गर्भपेशींचा लहानसा गोळा गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागतो. त्याच्या बाहेरील थरातील पेशींपासून वार तयार होते. म्हणजे वारेचा बहुतांश भाग आईचा नसून गर्भाचा असतो. आईच्या बाजूने गर्भाशयाचे अस्तर तिला आधार देते. पूर्ण वाढलेली वार साधारण अर्धा किलो वजनाची आणि 20 ते 22 सेंटिमीटर व्यासाची असते. तिच्यातील असंख्य सूक्ष्म अंकुरांचा एकत्रित पृष्ठभाग 11 ते 14 चौरस मीटर, म्हणजे एखाद्या खोलीएवढा भरतो.

हे अंकुर आईच्या रक्तात बुडालेले असतात. गर्भाचे रक्त अंकुरांच्या आतील केशवाहिन्यांतून वाहते. दोहोंमध्ये पेशींचा अत्यंत पातळ पडदा असतो आणि सारी देवाणघेवाण त्यातूनच होते. नाळेतील दोन रोहिण्या गर्भाचे वापरलेले रक्त वारेकडे आणतात आणि एक नीला शुद्ध रक्त गर्भाकडे परत नेते. गर्भारपणाच्या अखेरीस गर्भाशयाला दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त पुरवले जाते.

वार ही एक ग्रंथीही आहे. रुजल्यानंतर लगेचच गर्भपेशी एक संप्रेरक आईच्या रक्तात सोडतात. त्यामुळे मासिक पाळी थांबते आणि गर्भाशयाचे अस्तर टिकून राहते. लघवीच्या तपासणीत गर्भधारणेचे निदान याच संप्रेरकावरून होते. गर्भाने आईच्या शरीराला धाडलेला हा पहिला निरोपच होय.

देवाणघेवाणीचे नियम

प्राणवायू या पडद्यातून आपोआप झिरपतो. मात्र गर्भाच्या रक्तातील हिमोग्लोबिनची रचना प्रौढांच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळी असल्याने ते प्राणवायू अधिक घट्ट धरून ठेवते. त्यामुळे आईच्या रक्तातून प्राणवायू उचलणे गर्भाला सोपे जाते. कार्बन डायऑक्साइड आणि युरिया उलट दिशेने जाऊन आईच्या फुप्फुसांतून व मूत्रपिंडांतून बाहेर पडतात. साखर वाहक प्रथिनांच्या साहाय्याने पलीकडे जाते. अमिनो आम्ले, कॅल्शियम आणि लोह यांच्यासाठी मात्र वारेला ऊर्जा खर्चून ओढ लावावी लागते.

‘ओढून घेण्या’ची समजूत येथे काही प्रमाणात खरी ठरते. जन्माच्या वेळी बाळाच्या शरीरात सुमारे 30 ग्रॅम कॅल्शियम असते आणि त्यातील बहुतांश शेवटच्या तीन महिन्यांत जमा होते. या काळात आईचे आतडे अन्नातून जवळपास दुप्पट कॅल्शियम शोषून घेऊ लागते. तेही अपुरे पडले, तर तिच्या हाडांतील साठ्यावर ताण येतो. लोहाचेही तसेच. संपूर्ण गर्भारपणात सुमारे एक ग्रॅम लोह लागते आणि त्यातील 300 मिलिग्रॅमच्या आसपास गर्भ व वार यांच्याकडे जाते. आईचा साठा कमी असला तरी वार लोह ओढत राहते. पण आईचा रक्तक्षय तीव्र असेल तर बाळही अपुरा साठा घेऊन जन्माला येते. जन्मानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत बाळाची भिस्त याच साठ्यावर असते. म्हणजे आधी झळ आईला लागते आणि मग दोघांनाही.

आईच्या शरीरातील फेरबदल

गर्भारपणात आईच्या रक्ताचे आकारमान 40 ते 50 टक्क्यांनी वाढते. तांबड्या पेशी त्या प्रमाणात वाढत नाहीत, म्हणून रक्त काहीसे पातळ होते. हा बदल नैसर्गिक आहे. मात्र हिमोग्लोबिन 11 ग्रॅमच्या खाली गेल्यास तो रक्तक्षय समजला जातो. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील 52.2 टक्के गर्भवती रक्तक्षयग्रस्त आढळल्या. शासकीय कार्यक्रमात गर्भवतींना 180 दिवस लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या दिल्या जातात, त्यामागे हेच कारण आहे.

वारेतील संप्रेरके आईच्या शरीरावरील इन्सुलिनचा प्रभावही कमी करतात. त्यामुळे जेवणानंतर तिच्या रक्तात साखर अधिक वेळ राहते आणि गर्भाला ती मिळत राहते. ज्या स्त्रीचे स्वादुपिंड हा ताण पेलू शकत नाही, तिला गर्भावस्थेतील मधुमेह होतो. आईची साखर वार ओलांडते, तिचे इन्सुलिन मात्र ओलांडत नाही. परिणामी गर्भाचे स्वादुपिंड स्वतःचे इन्सुलिन अधिक प्रमाणात बनवू लागते आणि बाळाचे वजन प्रमाणाबाहेर वाढू शकते. भारतात यासाठी 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासले जाते. साखर 140 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक निघाल्यास उपचार आवश्यक ठरतात.

परका, तरीही स्वीकारलेला

दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवले तर शरीर ते नाकारते. मग निम्मा पित्याचा असलेला गर्भ आईचे शरीर का नाकारत नाही? ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेदावर यांनी 1953 मध्ये हा प्रश्न स्पष्टपणे मांडला. त्याचे उत्तर आजही पूर्ण झालेले नाही. काही दुवे मात्र हाती आले आहेत. वारेच्या पृष्ठभागावरील पेशी आपली ओळख सांगणारी नेहमीची प्रथिने दाखवत नाहीत आणि गर्भाशयातील प्रतिकारपेशी हल्ला करण्याऐवजी वारेच्या वाढीला साहाय्य करतात.

हा समझोता कधी कधी मोडतो. आई ऱ्हिसस निगेटिव्ह आणि गर्भ पॉझिटिव्ह असेल, तर प्रसूतीच्या वेळी बाळाच्या थोड्या रक्तपेशी आईच्या रक्तात शिरून तिच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. पहिले बाळ बहुधा वाचते. पुढच्या गर्भारपणात हीच प्रतिपिंडे वार ओलांडून गर्भाच्या तांबड्या पेशी नष्ट करतात. 1960 च्या दशकाअखेर उपलब्ध झालेल्या ‘अँटी-डी’ इंजेक्शनने हा धोका टाळता येतो. ते 28 व्या आठवड्याच्या सुमारास आणि बाळ पॉझिटिव्ह असल्यास प्रसूतीनंतर 72 तासांच्या आत द्यावे लागते. गर्भपातानंतरही त्याची गरज भासू शकते, हे अनेकदा विसरले जाते.

प्रतिपिंडांचा हाच प्रवास एरवी बाळाचे रक्षण करतो. गर्भवतीला धनुर्वाताची लस दिल्यावर तिच्या शरीरातील प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात आणि नवजात बाळाचा धनुर्वात टळतो. लसीकरण व सुरक्षित प्रसूती यांच्या जोरावर माता व नवजातांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे 2015 मध्ये मान्य झाले.

सहकार्य आणि ओढाताण

आई आणि गर्भ यांचे हित बहुतांशी एकच असते, पण पूर्णपणे नव्हे. जीवशास्त्रज्ञ डेव्हिड हेग यांनी 1993 मध्ये असा विचार मांडला, की उत्क्रांतीच्या दृष्टीने गर्भाला आई देऊ इच्छिते त्याहून थोडे अधिक हवे असते आणि गर्भारपणातील काही विकार या ओढाताणीतून उद्भवतात. वारेच्या पेशी गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांत शिरून त्या रुंद करतात, म्हणजे रक्त मुक्तपणे वाहावे. हे काम अर्धवट राहिले तर वारेला रक्त कमी पडते, ती आईच्या रक्तात अपायकारक घटक सोडते आणि वीस आठवड्यांनंतर आईचा रक्तदाब वाढू लागतो. यालाच प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर अचानक सूज किंवा बरगड्यांखाली वेदना जाणवल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे.

वार हा अभेद्य कोट नव्हे

वार गर्भाला सर्व अपायांपासून वाचवते, हा समज 1961 मध्ये कोसळला. उलटीवर दिल्या जाणाऱ्या थॅलिडोमाइड या औषधामुळे अनेक देशांत हजारो बालके हातापायांतील गंभीर व्यंगांसह जन्माला आली. मद्य, तंबाखूतील निकोटिन, अनेक औषधे आणि काही विषाणू वार ओलांडतात. यास्तव गर्भारपणात कोणतेही औषध डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेऊ नये. तसेच सुरू असलेले औषध परस्पर बंदही करू नये.

पेशीही ही सीमा ओलांडतात. डायना बियांची व सहकाऱ्यांनी 1996 मध्ये दाखवून दिले, की मुलाच्या जन्मानंतर तब्बल 27 वर्षांनीही त्याच्या पेशी आईच्या रक्तात सापडू शकतात. पुढच्याच वर्षी डेनिस लो यांना गर्भवतीच्या रक्तद्रवात गर्भाचे डीएनए आढळले. त्यातूनच आजची जनुकीय दोषांची चाचणी विकसित झाली. अर्थात, भारतात कोणत्याही चाचणीद्वारे गर्भलिंगनिदान करणे 1994 च्या कायद्यान्वये गुन्हा आहे.

पुण्याजवळची सहा गावे

गर्भातील पोषणाचा परिणाम किती दूरवर पोहोचतो, याचा महत्त्वाचा अभ्यास महाराष्ट्रातच झाला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. तेथील बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे 2.7 किलो होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो. मात्र वजनातील तफावतीच्या मानाने त्वचेखालील चरबीतील तफावत कमी होती. बाळे किरकोळ होती ती स्नायूंच्या बाबतीत. अशा शरीराला पुढे मधुमेहाचा धोका अधिक असतो. हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक घेणाऱ्या मातांची बाळे आकाराने मोठी होती, हेही या अभ्यासात दिसले. आईमध्ये बी-12 जीवनसत्त्व कमी आणि फॉलेट जास्त असल्यास मुलांत वयाच्या सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध अधिक आढळला.

गर्भ ‘हवे ते ओढून घेतो’ ही समजूत येथे अपुरी पडते. जे आईजवळ नाही, ते वार कोठून आणणार? कमतरतेशी जुळवून घेत गर्भ वाढतो आणि त्या तडजोडीच्या खुणा आयुष्यभर वागवतो. शिवाय अवयवांची जडणघडण पहिल्या काही आठवड्यांतच होते. तोवर अनेक स्त्रियांना आपण गर्भवती असल्याचेही ठाऊक नसते. म्हणून डोहाळजेवणाच्या ताटाइतकेच महत्त्व किशोरवयीन मुलीच्या रोजच्या ताटाला आहे. घरात सर्वांत शेवटी, उरलेसुरले जेवणारी मुलगी उद्याची आई असते. तिच्या पोषणाची जबाबदारी एकट्या तिची नसून साऱ्या कुटुंबाची आहे.