हौद्यावरची माडी

15 एप्रिल 1925 रोजी फोर्ड कंपनीने एक गाडी 281 डॉलरना विकायला काढली. नाव लांबलचक होतं, ‘मॉडेल टी रनअबाउट विथ पिकअप बॉडी’. त्याआधी अमेरिकेतले शेतकरी आणि कारागीर साधी मॉडेल टी घ्यायचे, तिचा मागचा भाग कापून काढायचे आणि गावातल्या सुताराकडून लाकडी पेटी करून बसवायचे. सुताराच्या खिशात जाणारे पैसे फोर्डने आपल्याकडे वळवले, एवढाच खरा त्या दिवसाचा शोध. कंपनीने दिलेला पोलादी हौदा 56 इंच लांब आणि 13 इंच उंच होता, आणि त्याच्या काठाला चार खोबणी ठेवल्या होत्या. खोबणीत लाकडी खुंट उभे करायचे, खुंटांना फळ्या ठोकायच्या, की 13 इंचांची भिंत हवी तेवढी चढवता येई. कडबा भरायच्या वेळी बैलगाडीला उभे खुंट लावून आपण जे करतो, तेच.

आज अमेरिकेत पिकअपच्या हौद्यावर पोलादाची किंवा ॲल्युमिनियमची चौकट बसवतात आणि तिच्यावर घडीचा तंबू चढवतात. संध्याकाळी घडी उलगडायची, शिडी लावायची आणि वर जाऊन झोपायचं. या चौकटीची कुळकथा तंबूपासून सांगायची रीत आहे आणि विक्रेते ती हमखास आफ्रिकेत सिंहांच्या भीतीने उंचावर झोपणाऱ्यांपासून सुरू करतात. मला ती फोर्डच्या त्या चार खोबणींपासून सुरू झालेली दिसते. तंबू हा पाहुणा आहे, तो बराच उशिरा आला. घर बांधलं ते माल वाहणाऱ्यांनी.

पाहुण्याची हकिकत आधी उरकून घेऊ. गाडीच्या टपावर बसणारा तंबू व्यापारी मालाच्या रूपात रुजला तो युरोपात. इटलीतल्या ऑटोहोम कंपनीचा ‘एअर-कॅम्पिंग’ हा तंबू 1958 पासूनचा. पुढे पूर्व जर्मनीतही ट्राबांटसारख्या चिमुकल्या गाडीच्या डोक्यावर तंबू चढले. तिथे सिंह नव्हते. हॉटेलची खोली मिळणं कठीण आणि गाडीत आडवं होणं अशक्य, म्हणून लोक वर गेले. तेव्हाच्या गाड्यांच्या टपाला दोन्ही बाजूंनी पावसाचं पाणी वाहून नेणारी पन्हळ असे. कॅरिअरचे पाय त्या पन्हळीत अडकवून आवळले की काम झालं. 1980 च्या दशकात वाऱ्याचा विरोध कमी करण्याच्या नादात कंपन्यांनी ही पन्हळ हळूहळू नाहीशी केली. टप गुळगुळीत आणि देखणा झाला, पण त्याला पकडायला जागा राहिली नाही.

दक्षिण आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियात हा तंबू टिकला आणि दणकट झाला. तिथे दिवसभर कच्च्या रस्त्याने जायचं आणि मुक्कामाला दगडधोंड्यांची, ओली जमीन मिळायची हे नेहमीचंच. सिंहाची गोष्ट सांगायला रंगतदार, पण वर झोपण्याचा खरा फायदा सपाट, कोरडी गादी हा आहे. अमेरिकेत ही हवा मोठ्या प्रमाणावर पसरली ती या शतकात. 2010 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेली टेपुई ही तंबूची कंपनी 2018 च्या अखेरीस स्वीडनच्या थूलेने विकत घेतली. मग 2020 ची महामारी आली, विमानं आणि हॉटेलं बंद झाली आणि तंबूंची मागणी एकदम वाढली.

पण तंबू टपावरून उतरून हौद्यावर का आला? हौद्यात झोपायची पद्धत काही नवी नव्हती. जॉन स्टाइनबेक 1960 साली आपल्या कुत्र्याला घेऊन अमेरिका पाहायला निघाला, तेव्हा त्याने नव्या जीएमसी पिकअपच्या हौद्यात एक छोटं घरच बसवून घेतलं होतं. ज्यांना तेवढं परवडत नसे ते हौद्यावर फायबरचं झाकण टाकून आत गादी पसरत. त्या काळच्या मोठ्या पिकअपचा पुरा हौदा आठ फूट लांब असायचा, कारण चार बाय आठ फुटांचं प्लायवूड फाळका बंद करून त्यात सपाट बसलं पाहिजे, ही बांधकामवाल्यांची अट होती. आठ फुटांत माणूस पाय ताणून झोपतो आणि उशाशी पेटीही राहते.

हे गणित बिघडलं ते केबिन वाढल्यामुळे. पिकअप ही कामाची गाडी राहिली नाही, कुटुंबाची गाडी झाली. मुलांसाठी मागे पुरे दोन दरवाजे हवे झाले. फोर्डने 2001 च्या मॉडेलमध्ये एफ-150 या पिकअपला चार पुऱ्या दरवाजांची केबिन दिली, तेव्हा हौदा साडेपाच फुटांवर आला. त्याच सुमारास टोयोटाच्या चार दरवाजांच्या टॅकोमाचा हौदा जेमतेम पाच फुटांचा होता. पाच फुटांच्या हौद्यात उंच माणसाने झोपायचं तर फाळका उघडा टाकून पाय बाहेर काढावे लागतात. शिवाय त्याच जागेत पाण्याचे कॅन, शेगडी आणि पेट्याही ठेवायच्या असतात. माणूस आणि सामान दोघांना तळमजला पुरेना, तेव्हा माडी बांधणं ओघाने आलंच. आफ्रिकेच्या सिंहापेक्षा अमेरिकेतल्या मागच्या सीटवरच्या मुलांनी या चौकटीचा जास्त प्रसार केला, असं म्हणायला हरकत नाही.

माडीचा सांगाडा मात्र तयार होता. रंगारी, प्लंबर, सुतार कित्येक वर्षं हौद्यावर लोखंडी चौकटी बसवून शिड्या, पाइप आणि लांब ओंडके वाहत होते. पाय त्याच काठावरच्या खोबणीत. केबिनच्या मागच्या काचेआड एक उभी जाळी, ब्रेक दाबल्यावर लाकूड पुढे सरकून ड्रायव्हरच्या डोक्यात येऊ नये म्हणून. या चौकटीत एक शहाणपण आहे, ते उसनं घेण्यासारखं आहे. शिडी लांब असल्याने चौकटीचा पुढचा भाग केबिनच्या वर येतो, पण तिथे तो टेकवत नाहीत, नुसता अधांतरी ठेवतात. कारण पिकअपमध्ये केबिन आणि हौदा हे चासीवर वेगवेगळे बसवलेले असतात. एक चाक खड्ड्यात आणि दुसरं दगडावर गेलं की चासी पीळ खाते आणि दोघांमधली फट कमीजास्त होते. चौकटीचे दोन पाय केबिनवर आणि दोन हौद्यावर रोवले, तर पहिल्याच खडकाळ घाटात काहीतरी तुटतं, एक तर वेल्डिंग, नाहीतर टपाचा पत्रा.

घरी चौकट बांधणाऱ्यांना दुसरी मदत मिळाली कारखान्यांतून. 1924 साली मिशिगनमधल्या वेन गावी चार्ल्स ॲटवूडने एका बाजूने उघडी असलेली पोलादी पट्टी काढली, तीच युनिस्ट्रट. तिच्या खाचेत नट सरकवून हवा तिथे आवळता येतो, भोक पाडावं लागत नाही. इमारतींत पाइप आणि केबल टांगायला ती जगभर वापरतात. पुढे टी-आकाराच्या खाचांचे ॲल्युमिनियमचे दांडे आले, मुळात यंत्रांची मेजं आणि कठडे करायला. तंबूवाल्यांना हे वरदान ठरलं, कारण तंबूच्या तळाशीही अशीच खाचेची पट्टी असते. आडवा दांडा चार बोटं पुढेमागे करायचा झाला, तर ग्राइंडर न काढता पान्याने काम होतं. ज्याच्याकडे वेल्डिंगचं यंत्र नाही, त्यालाही आता चौकट बांधता येऊ लागली.

तिसरी गोष्ट टोयोटाने नकळत केली. 2005 च्या टॅकोमाचा हौदा पत्र्याऐवजी फायबर मिसळलेल्या प्लॅस्टिकचा आला आणि त्याच्या काठाला आतून ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बोल्टने बसवलेल्या होत्या. हेतू साधा, दोरी बांधायला सरकते हूक असावेत. चौकटवाल्यांनी त्या पट्ट्यांवर पायांच्या पाट्या आवळायला सुरुवात केली. प्लॅस्टिकच्या काठावर थेट ओझं टाकायची सोय नव्हती, तिथे ही पट्टी जोत्यासारखी कामाला आली.

ओझं किती, ते पाहा. दोघांचा घडीचा तंबू साधारण 50 ते 70 किलो भरतो. रात्री गाडी उभी असताना त्यावर दोन माणसं आणि अंथरूण चढलं की सव्वादोनशे किलोंपर्यंत जातं. नवशिक्याला ही रात्रीची भीती वाटते, आणि तो जाड पाइप आणून चौकट अवजड करून ठेवतो. खरा मार दिवसा बसतो. रात्री ओझं शांत असतं, सरळ खाली दाबतं. दिवसा कच्च्या रस्त्यावर तोच रिकामा तंबू डावी-उजवीकडे हेलकावे खातो आणि चौकटीच्या चौकोनाचा समांतरभुज चौकोन करू पाहतो. तडा जातो तो पायाच्या कोपऱ्यात, वेल्डिंगच्या अगदी कडेला. म्हणून चांगल्या चौकटीत पायांच्या मध्ये पत्र्याची उभी पाटी असते, नाहीतर तिरका टेकू. त्या पाटीला भोकं आणि फटी ठेवतात, बाहेरून त्यावर फावडं किंवा इंधनाचा कॅन अडकवतात. पाहणाऱ्याला ती सामान टांगायची सोय वाटते, पण चौकट कोलमडू न देणं हे तिचं पहिलं काम.

उंची हा या धंद्यातला न संपणारा वाद. चौकट केबिनच्या टपाच्या खाली ठेवली, तर घडी केलेला तंबू बराचसा केबिनच्या आडोशाला राहतो, वारा कमी लागतो, पेट्रोल वाचतं, वळणावर गाडी कमी झुकते आणि शिडीच्या पायऱ्याही कमी होतात. पण मग खाली फ्रीज किंवा सायकल मावत नाही, आणि काही तंबूंचं उलगडलेलं पान केबिनच्या टपावर आपटतं. चौकट उंच केली की हे सगळं सुटतं आणि गाडी डोलते. मी बुटक्या चौकटीच्या बाजूचा. घाटात डोलणाऱ्या गाडीत बसलेला माणूस सायकल घरी ठेवायला लगेच तयार होतो.

आपल्याकडे टेल्कोने पुण्यात टाटामोबाइल ही पिकअप काढली ती 1988 मध्ये, आणि पिकअपच्या हौद्यावर अँगलची चौकट वेल्ड करून टोमॅटोच्या जाळ्यांचे थर रचणं नाशिकच्या कुठल्याही फॅब्रिकेटरला नवं नाही. उन्हाळ्यात ट्रकच्या टपावर ताडपत्रीच्या घडीवर झोपणारे क्लीनरही महामार्गावर दिसतात. हौसेचा तंबू मात्र अजून मोजक्या गाड्यांवर आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ बांधणीत फेरफार करू देत नाही, त्यामुळे चौकट नट-बोल्टने काढता येणारी असावी याकडे हौशी मंडळींचा कल असतो.

अमेरिकेत आता कारखानाच पुढे सरसावला आहे. टोयोटाने 2024 च्या टॅकोमाची ट्रेलहंटर ही आवृत्ती आणली, तिच्या हौद्यावर ऑस्ट्रेलियाच्या एआरबी कंपनीचा पोलादी बार कारखान्यातूनच बसून येतो. 1925 मध्ये सुताराचं झालं तेच आता गॅरेजमधल्या वेल्डरचं होईल, असं कोणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. हौद्याची लांबी प्रत्येक गाडीची वेगळी, तंबूच्या पट्ट्यांमधलं अंतर प्रत्येक कंपनीचं वेगळं, आणि खाली काय ठेवायचं ते प्रत्येक घराचं वेगळं. माप घेऊन दांडा कापणाऱ्याला त्यात बरंच काम उरतं.