नॉर्थॅम्प्टनच्या दप्तरातील अँथनी आणि मेरी

चेसापीक उपसागर आणि अटलांटिक यांच्यामधल्या चिंचोळ्या भूपट्टीच्या दक्षिण टोकाला व्हर्जिनियाची नॉर्थॅम्प्टन काउंटी आहे. शेती आणि मासेमारीवर जगणारा मुलूख. इथल्या ईस्टव्हिल गावी न्यायालयाचे दप्तर १६३२पासून सलग शिल्लक आहे. अमेरिकेत इतके जुने सलग दप्तर दुसरे नाही. एका आफ्रिकी जोडप्याचे आयुष्य आज जुळवता येते ते त्याच्या आधारे.

१६२५च्या शिरगणतीत बेनेटच्या मळ्यावर अँटोनियो आणि मेरी ही दोन नावे आहेत. तो १६२१मध्ये ‘जेम्स’ जहाजातून आला, ती पुढच्या वर्षी दुसऱ्या जहाजातून. आडनाव नाही, नावापुढे फक्त ‘नीग्रो’. मग १६५१मध्ये अँथनी जॉन्सन नावाच्या कृष्णवर्णीयाला पुंगोटीग खाडीकाठी २५० एकर जमीन मिळते. वसाहतीत आणलेल्या माणसामागे ५० एकर, अशी पाच माणसांची. अँटोनियो तो हाच कशावरून?

दुवा फेब्रुवारी १६५३च्या हुकुमात आहे. (मूळ कागदावर साल १६५२ पडते, कारण तेव्हा इंग्रजी वर्ष २५ मार्चला बदलत असे.) आगीत जॉन्सन कुटुंबाचे मोठे नुकसान झाले होते. हे जोडपे व्हर्जिनियात तीस वर्षांहून अधिक काळ राहत आहे, असे नोंदवून न्यायालयाने मेरी आणि दोन मुलींचा कर जन्मभर माफ केला. तीस वर्षे मागे मोजली की आपण त्या दोन जहाजांपाशी येतो. माफीचे मोलही समजून घ्यायला हवे: १६४३च्या कायद्याने आफ्रिकी स्त्रियांवर डोईपट्टी होती, गोऱ्या स्त्रियांवर नव्हती. त्या हुकुमाने कराच्या बाबतीत मेरी गोऱ्या शेजारणींच्या बरोबरीला आली.

याच दप्तरात जॉन्सनची दुसरी बाजूही आहे, आणि ती झाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. जॉन केसर हा जॉन्सनकडचा आफ्रिकी गडी म्हणत होता की आपली कराराची मुदत कधीच संपली. रॉबर्ट पार्कर या गोऱ्या शेजाऱ्याने त्याला ठेवून घेतले. मार्च १६५५मध्ये न्यायालयाने केसरला जॉन्सनच्या ताब्यात परत दिले. माझ्या मते या निकालात जॉन्सनची पत दिसते तितकीच केसरची असहायता.

१६६०च्या दशकात कुटुंब मेरीलँडला गेले. १६७०च्या ऑगस्टमध्ये, जॉन्सनच्या मृत्यूनंतर, त्याच्या व्हर्जिनियातल्या जमिनीवर ज्यूरीने निर्णय दिला: तो नीग्रो होता, म्हणून परकी होता, म्हणून जमीन राजाकडे जाऊ शकते. १६५३च्या हुकुमात माफीचा आधार ठरलेल्या तीस वर्षांच्या वास्तव्याला या निर्णयात काहीच किंमत उरली नव्हती.