पडीक वाफ्याची बखर

हैदराबादच्या वायव्येस असलेले कुकटपल्ली हे उपनगर गृहनिर्माण मंडळाच्या मोठ्या वसाहतीमुळे सर्वांना परिचित आहे. अशा वसाहतीत एखादा भूखंड वर्षानुवर्षे मोकळा राहतो आणि दोन पावसाळ्यांत त्याचे रान होते. त्यातला एक तुकडा भाजीपाल्यासाठी ज्याच्या वाट्यास येतो, तो नवशिका प्रथमदर्शनीच म्हणतो, "केवढे हे पुरातन जंगल!" वस्तुतः त्या जंगलातील बहुतेक मंडळी गेल्या दोन शतकांतील उपरी आहेत.

नागरिकांना असे वाफे पुरविण्याचे कर्तव्य इंग्लंडात १९०८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर आले, आणि दुसऱ्या महायुद्धात तेथे सुमारे १४ लाख वाफे कसले जात होते. परंतु तेथील तण निराळे, आपले निराळे. तेव्हा कुदळ उचलण्यापूर्वी आपल्या तणांची वंशावळ पाहणे बरे.

कुंपणाशी रंगीबेरंगी फुलांची जी घाणेरी माजलेली असते, ती मूळची अमेरिका खंडातील. १८०९ च्या सुमारास शोभेचे झाड म्हणून ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात लावली गेली आणि तेथून देशभर पसरली. तिच्या शेजारची काटेरी वेडी बाभूळ १८७७ च्या सुमारास जमैकाहून आणलेल्या बियांतून कडप्पा जिल्ह्यात रुजली. सरपण मिळावे आणि उजाड माळ झाकले जावेत, हा वनखात्याचा हेतू. तेलुगू शेतकरी तिला आजही 'सरकार तुम्मा', म्हणजे सरकारी बाभूळ म्हणतो. एका नावात केवढा इतिहास! नुसती वरून तोडली तर ती बुंध्यापासून पुन्हा फुटते. मुळासकट काढावी लागते.

गाजर गवताची कथा तर आपल्या पुण्याची. १९५५ मध्ये ते तेथे आढळले आणि पुढच्याच वर्षी आर. एस. राव यांनी त्याची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध केली. पी. एल. ४८० च्या गव्हाबरोबर ते आले, असे घरोघर सांगतात. पण तो करार ऑगस्ट १९५६ चा. झाड त्याआधीच पुण्यात हजर होते! अमेरिकेचा गहू १९५१ च्या मदतीतूनही आला होता, त्यामुळे गहू अगदीच निर्दोष ठरत नाही. तारखेचा दाखला मात्र चुकीचा. तेलुगूत या गवताला 'वय्यारी भामा', म्हणजे नखरेल भामा म्हणतात. तिच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगाला खाज सुटते, म्हणून हातमोजे घालून, फुलण्यापूर्वीच ती उपटावी. तिच्या पानांवर पट्टेरी भुंगेरा दिसला तर कीड समजून त्याला मारू नये. या गवताचा नाश करण्यासाठी तो मेक्सिकोहून मुद्दाम आणून १९८४ मध्ये बंगळूरला सोडण्यात आला.

आता जमिनीचे खरे जुने वतनदार. हराळी आणि लव्हाळा. ते इतके बुटके की नवशिक्याचे तिकडे लक्षही जात नाही. लव्हाळा म्हणजे संस्कृतातील मुस्ता. 'शाकुंतला'च्या दुसऱ्या अंकात मृगया थांबविणारा दुष्यंत डुकरांना डबक्यात निर्धास्तपणे मुस्ता उकरू द्या म्हणतो, ती हीच. जमिनीखाली तिच्या गाठींची माळ असते. हौसेने ट्रॅक्टर फिरविला की माळ तुटते आणि प्रत्येक गाठीतून नवे रोप उगवते. परदेशी झुडपांवर सारी शक्ती खर्चून नवशिका येथेच पहिला हंगाम गमावतो.

कुकटपल्लीकडची जमीन ग्रॅनाइटच्या खडकावरची, तांबडी, रेताड. तिला तेलंगणात 'चलका' म्हणतात. उन्हाळ्यात ती दगडासारखी घट्ट होते. पहिल्या चांगल्या पावसानंतरचे थोडेच दिवस ती मऊ असते. तेवढ्या दिवसांत एक लहानसा चौकोन आखून, खुरप्याने लव्हाळ्याच्या गाठी सबंध वेचाव्यात, त्या बाहेर उन्हात वाळवाव्यात, आणि मगच दुसऱ्या चौकोनाला हात घालावा. पहिल्या चौकोनात तोवर मेथी पेरता येते.